'मजूर मिळत नाही' म्हणजे नक्की काय मिळत नाही?

संक्रांतीला गावी गेलो होतो, यवतमाळ जिल्ह्यात. काकांच्या वावरात कपाशीचा शेवटचा वेचा चालू होता, आणि संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना विषय निघालाच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला, त्यात १०० दिवसांचे १२५ दिवस झाले, पण पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात सगळे मिळून ६० दिवस रोजगार हमीचं काम बंद ठेवायची तरतूद आली, कोणते दिवस ते राज्य सरकारने आधी जाहीर करायचं. काका खूश. "आता येतीन बाया गपचूप वावरात." पुण्याहून आलेला चुलतभाऊ लगेच उसळला, हा गरिबांच्या पोटावर पाय आहे वगैरे. मग तासभर एकाचं म्हणणं मजूर आळशी झाले, दुसऱ्याचं म्हणणं शेतकरी शोषण करतात. पेपरातही हेच चाललंय, टीव्हीवरही हेच. दोघांपैकी एकानेही साधा प्रश्न विचारला नाही की बाबा, काम बंद ठेवल्याने मजुरीचं नक्की होतं काय, आणि मजुरी खाली राहिली तर शेतीचं भलं होतं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. हंगामात रोजगार हमी बंद ठेवून शेतकऱ्याच्या हातात जवळपास काहीच पडणार नाही. जिथे पडेल तिथे बाईच्या रोजातून दहा-वीस रुपये पडतील, आणि तेवढ्यासाठी शेती आहे त्याच गाळात रुतून बसेल. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, शंभर टक्के खरी, पण ती भावात आणि पिकाच्या उताऱ्यात आहे. मजुरीत ती फक्त दिसते, कारण मजुरी रोज संध्याकाळी रोख मोजून द्यावी लागते आणि भावातला मार वर्षातून एकदाच बसतो.

आता ते वाक्य घ्या, 'मजूर मिळत नाही'. कांदा ऐंशी रुपये किलो झाला तर आपण कांदा मिळत नाही असं म्हणतो का? म्हणतो की महाग झाला. सोनं लाखाच्या वर गेलं तरी कुणी सोनं मिळत नाही म्हणत नाही. मजुराच्या बाबतीतच काय ते 'मिळत नाही'. त्या वाक्यातला अर्धा भाग आपण गिळतो, तो असा की 'मी देतो त्या रोजात' मजूर मिळत नाही. हा गिळलेला अर्धा भाग परत जागेवर ठेवला की अर्धा वाद तिथेच मिटतो, आणि उरलेला अर्धा खरा वाद असतो, तो म्हणजे जास्त रोज परवडतो का. त्याच्यावर बोलू.

ही तक्रार काही आजची नाही. १३४८ च्या सुमारास इंग्लंडात प्लेग आला, तिथली माणसं निम्म्याच्या आसपास मेली, शेतं ओस पडली आणि उरलेले मजूर जास्त मजुरी मागायला लागले. तेव्हाच्या जमीनदारांचीही हीच ओरड, लोक माजले, काम करायला नको. राजाने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये संसदेने कायदाच केला की मजुरी १३४६ च्या दरानेच द्यायची-घ्यायची, जास्त मागेल त्याला शिक्षा. काय झालं? मजुरी वाढायची ती वाढलीच, पुढची शंभर वर्षं वाढत राहिली. जमीनदार स्वतःच कायदा मोडून शेजाऱ्याचे मजूर पळवायचे, कारण गहू वाळत असताना कायदा कोण बघतो. आणि जो राग साचत गेला त्यातून १३८१ चं बंड पेटायला या कायद्याचाही हातभार लागला. आपली ६० दिवसांची तरतूद एवढी कडक नाही हे मान्य, यात कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. पण विचार त्याच घरातला आहे, मजुराकडचा दुसरा पर्याय काढून घेतला की तो आपल्या दराला येईल. आणि हा एकाच पक्षाचा विचार आहे असंही समजू नका, २०११ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री असताना शरद पवारांनीही हंगामात मनरेगा थांबवा म्हणून पंतप्रधानांना लिहिलं होतं.

आता जरा आकडे बघा. २०२५-२६ ला महाराष्ट्रात मनरेगाचा रोज होता ३१२ रुपये. आमच्याकडे गडीमाणसाचा रोज चारशे-पाचशे चाललाय, फवारणीचा त्याहून जास्त. म्हणजे गडीमाणूस हंगामात पाचशे सोडून ३१२ वर माती टाकायला जाईल, तेही पेमेंट बँकेत कधी येईल याचा भरवसा नसताना? नाही जाणार. बायांचं मात्र वेगळं आहे. निंदणाचा रोज कुठे अडीचशे, कुठे तीनशे. तिथे ३१२ नक्कीच टोचतात. म्हणजे ही सगळी ओरड, हा सगळा कायदा, ६० दिवसांची ही बंदी शेवटी येऊन थांबते कुणावर, तर अडीचशे रुपयांत दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईवर. सहा-आठ तास उन्हात बसून काम, मधल्या सुट्टीत घरून आणलेली भाकर. आणि तिला आपण म्हणतोय की ३१२ चा पर्याय असल्यामुळे तू आळशी झालीस!

लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांबद्दलही हेच ऐकतो. जुलै २०२४ पासून ते सुरू झाले तेव्हापासून आमच्या गावात प्रत्येक गोष्टीचं खापर त्यावर. पंधराशेला तीसने भागा, दिवसाचे पन्नास. पन्नास रुपये रोज घरबसल्या मिळाले म्हणून बाई निंदणाला येत नसेल तर तुमच्या निंदणाचा रोज किती पातळ होता हे त्यातून कळतं, बाईचा स्वभाव कळत नाही. (त्या योजनेमुळे सरकारी तिजोरीला पडलेलं भगदाड हा वेगळा विषय, त्यावर मी काकांच्या बाजूने भांडायला तयार आहे.)

रोजगार हमी कशी काम करते हे आपल्याकडे नीट समजून घेतलंच जात नाही, आणि गंमत म्हणजे ही योजना निघाली आपल्याच महाराष्ट्रात. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात प्रयोग केला, मग १९७२ चा दुष्काळ आला, मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती, खडी फोडत. १९७७ चा कायदा, १९७९ च्या २६ जानेवारीपासून अंमल. नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि त्या पैशाने खेड्यात हाताला काम द्यायचं, तो कर आजही पगाराच्या स्लिपवर दिसतो, कशासाठी सुरू झाला ते बहुतेकांना माहीत नसतं. तर योजनेचा खरा परिणाम किती माणसं कामावर गेली यात मोजायचा नसतो. मनरेगातही कामावर गेलेल्या एका कुटुंबाला वर्षाला सरासरी पन्नासच्या आसपास दिवस मिळत आले, शंभरसुद्धा नाही. परिणाम मोजायचा तो किती माणसं 'नाही' म्हणू शकली यात. गावात रोज ठरतो कसा? पाच-सात मोठे कास्तकार पारावर बोलतात, यंदा एवढाच द्यायचा, कुणी फोडायचा नाही. बाईकडे दुसरीकडे जायला सोय नसेल तर तोच दर. सोय असेल तर ती गेली नाही तरी दर बदलतो. दुकानदाराला माहीत असलं की समोर दुसरं दुकान उघडलंय, की तो भाव आपोआप नीट लावतो, गिऱ्हाईक तिकडे जायची वाट बघत नाही.

अर्थशास्त्रात याला भारदस्त नावं आहेत पण मुद्दा एवढाच. आणि इथेच नेहमीचं एक पाठ केलेलं वाक्य आडवं येतं की मजुरी वाढली म्हणजे रोजगार घटणार, मागणी-पुरवठा, अकरावीच्या पुस्तकात आहे. पुस्तकात आहे खरं, पण पुस्तकात असंही गृहीत आहे की मालक भरपूर आहेत आणि एकट्या मालकाला दर पाडता येत नाही. अमेरिकेत न्यूजर्सीने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची चारशेच्या वर बर्गरची दुकानं तपासली, न्यूजर्सीत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. त्यावर प्रचंड वाद झाला, अजून चालू आहे, पण कार्डना २०२१ चं नोबेल मिळताना हे काम मोजलं गेलं. बरं अमेरिका लांब राहिली, आंध्रचं घ्या. तिथे मनरेगाचं पेमेंट स्मार्टकार्डने देण्याचा मोठा प्रयोग झाला, १५७ मंडलांत (मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग), कुठे आधी सुरू करायचं हे सोडत काढल्यासारखं ठरवलेलं, त्यामुळे तुलना स्वच्छ झाली. जिथे योजना नीट चालली तिथे खाजगी मजुरी वाढली. आणि खाजगी काम घटलं का? घटलं नाही, उलट वाढलं. गरीब घरांचं जे उत्पन्न वाढलं त्यातलं बहुतेक योजनेच्या पैशातून नव्हतं, बाजारातल्या मजुरीतून होतं. म्हणजे ज्याला आपण सरकारी खैरात म्हणतो तिने बाजारालाच जरा सरळ केलं.

इथवर चुलतभाऊ मान डोलवत होता. आता काकांच्या बाजूने जे सगळ्यात जड मुद्दे आहेत ते घेतो, कारण ते टाळून हा वाद जिंकण्यात काही अर्थ नाही.

पहिला, महाराष्ट्राचाच १९८८ चा अनुभव. शेतमजुरांचं किमान वेतन वाढलं आणि त्याला धरून रोजगार हमीचा दर एकदम दुप्पटीच्या घरात गेला. झालं काय, पुढच्या काळात कामावरची हजेरी चांगलीच घसरली. मजुरांना काम नको होतं म्हणून नव्हे, त्या दराने तर जास्तच लोक आले असते, पण सरकारने कामंच कमी काढली, कारण बजेट तेवढंच. हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात रेशनिंग सुरू झालं. मी हे पूर्ण मान्य करतो. दर वाढवायचा आणि पैसा वाढवायचा नाही ही फसवणूक असते, आणि तिचा फटका सगळ्यात आधी ज्याची ओळख नाही, वशिला नाही त्याला बसतो. आता नव्या कायद्यात १२५ दिवस लिहिलेत, पण आधी अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलायचं, आता आपल्यासारख्या राज्यांना ४० टक्के टाकायचे आहेत. ज्या राज्याला तिजोरीची ओढाताण आहे ते कामं कशी काढेल हे १९८८ ने दाखवून ठेवलंय. त्यामुळे खरं भांडण त्या ४० टक्क्यांवर व्हायला पाहिजे होतं, आणि आपण भांडतोय ६० दिवसांवर.

दुसरा मुद्दा केरळचा. तिथे शेतमजुराचा रोज साडेसातशेच्या वर गेलाय, देशाची सरासरी साडेतीनशेच्या आसपास आणि महाराष्ट्र त्याच्याही खाली, तीनशेच्या घरात. पण केरळची भातशेती बघा, सत्तरच्या दशकात पावणेनऊ लाख हेक्टरच्या आसपास होती ती दोन लाखांच्या आसपास आली. काका म्हणतील, घ्या, मजुरी वाढवली आणि शेती बुडाली. यात तथ्य आहेच. पण केरळात एक गोष्ट अशी झाली की मजुरी वाढू दिली आणि यंत्र येऊ दिलं नाही. कुट्टनाडसारख्या भागात मजूर संघटनांनी ट्रॅक्टरला विरोध केला, का तर काम जाईल. आता मजुरी वर जाणार आणि माणशी उत्पादन तिथेच अडकवून ठेवणार, मग जमीनवाला काय करणार, भात सोडून रबर नाहीतर नारळ लावणार, नाहीतर प्लॉट पाडणार. दोष वाढीव मजुरीचा की तिच्या पुढच्या पायरीवर कुंपण घातल्याचा? मजूर संघटनेच्या बाजूने असलेल्या माणसालाही हे कबूल करावं लागतं, मला करायला जड जातं पण करतो.

तिसरा मुद्दा हमखास येतो, मुंबईच्या गिरणी संपाचा. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. जास्त मागितलं आणि मुंबईच्या गिरण्या गेल्या, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्याला पुराव्याची गरजच वाटत नाही. संप फसला, घरं उद्ध्वस्त झाली, यात दुमत नाही. पण कापड कुठे गेलं ते बघा ना. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे, जिथे मजुरी कमी, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, ना प्रॉव्हिडंट फंड ना काही. म्हणजे काकांच्या सिद्धांताप्रमाणे तिथे तर भरभराट व्हायला पाहिजे होती, मजूर स्वस्त, तास भरपूर, युनियन नाही. आज भिवंडीत जाऊन बघा, बहुतेक माग साधेच, वर्षानुवर्षं तेच, खडखड तीच. माणूस इतका स्वस्त की नवा माग घेणं मालकाला परवडतच नाही, जुना चालवणं परवडतं. इचलकरंजीने त्यातल्या त्यात आधुनिक माग जास्त आणले. स्वस्त मजुरीने धंदा तगला म्हणा हवं तर, पण तो वर आला नाही. आणि मुंबईतल्या गिरणीमालकांनी तरी जुनी यंत्रं बदलण्याऐवजी नजर कशावर ठेवली होती ते आज लोअर परळला मान वर केली की दिसतं.

हा उलटा धागा अर्थशास्त्रज्ञांना जुना आहे पण ओट्यावरच्या चर्चेत तो येतच नाही. आपण धरून चालतो की आधी उत्पादकता वाढते, मग मजुरी वाढते, मजुराने आधी जास्त काम करून दाखवावं. पण पुष्कळदा उलटं होतं, मजुरी वाढते म्हणून मालक डोकं चालवतो. इंग्लंडात सूतकताईची यंत्रं आधी आली याचं एक कारण तिथली चढी मजुरी हे काही इतिहासकार मांडतात, सगळ्यांना पटत नाही, पण हिंदुस्थानात तेच यंत्र तेव्हा फुकट दिलं असतं तरी कुणी पन्नास चाती फिरवायचा खटाटोप का करावा, जर कातणारी बाई दोन पैशांत मिळते? हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये रोज एकदम पाच डॉलर केला, दुपटीच्या आसपास, आणि तास नवावरून आठ. तो काही साधू नव्हता. त्याच्याकडे १९१३ मध्ये वर्षभरात माणसं इतक्या वेळा सोडून जायची की एका जागेवर तीन-चारदा नवा माणूस घ्यावा लागायचा. पगार वाढवल्यावर माणूस टिकला, शिकला, काम वाढलं.

पण शेतीत उत्पादकता म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा काकांच्या वावरातच नीट कळलं. कापूस वेचायची बाई सकाळी ऑटोने येते, शेजारच्या गावावरून, ऑटोचं भाडं कास्तकाराकडे. कमरेला ओटी बांधलेली. वेचणी किलोवर. यंदा दहा रुपये किलो चालू होता. संध्याकाळी धुऱ्यावर वजनकाटा टांगतात आणि एकेकीचं गाठोडं अडकवतात, काका वहीत लिहितात. पहिल्या वेच्याला, बोंडं टच्च फुटलेली असताना, त्याच बाईने ४५ किलो केला होता असं वहीत लिहिलेलं मी बघितलं. आणि मी गेलो त्या दिवशी, शेवटच्या वेच्याला, बोंडअळीने खाल्लेल्या कवड्या बोंडांतून तिनेच दिवसभरात केला १९ किलो. बाई तीच. हात तेच, तास तेच, उलट जानेवारीत ऊन कमी म्हणून काम जास्तच. ४५ चे १९ झाले ते बाई आळशी झाली म्हणून का? तिची उत्पादकता तिच्या हातात नव्हतीच, ती झाडाला लागलेली होती. आणि तिला त्या दिवशी मिळाले १९० रुपये. ती पुढच्या दिवशी आली नाही, आणि काका म्हणाले बघ, मजूर मिळत नाही!

झाडावरचं हे दारिद्र्य आकड्यांतही दिसतं. एका हेक्टरमागे रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, भारतात ४५० किलोच्या आसपास निघते, जगाची सरासरी ७५० च्या वर, ब्राझीलमध्ये १८०० च्या आसपास आणि तिथे वेचणी सगळी यंत्राने. विदर्भातली कोरडवाहू कपाशी देशाच्या सरासरीलाही पोचत नाही. हलकी जमीन, पाणी नाही, गुलाबी बोंडअळीने बीटीला, म्हणजे अळीला तोंड द्यायला आणलेल्या वाणाला, कधीच जुमानणं सोडलंय, आणि नवं बियाणं येत नाही. यातली कोणती गोष्ट ६० दिवस रोजगार हमी बंद ठेवून सुधारते?

बरं आता काकांचा सगळ्यात खरा मुद्दा, ज्याला माझ्या चुलतभावाकडे उत्तर नव्हतं. "फोर्ड गाडी महाग विकू शकत होता, मी कापूस महाग विकू शकतो का? माझा भाव मी ठरवतो का?" नाही ठरवत. म्हणूनच कारखानदाराची उदाहरणं शेतकऱ्याच्या तोंडावर फेकणं मला पटत नाही. सरकारने किमान वेतन वाढवलं तर हॉटेलवाला वड्याचे दोन रुपये वाढवतो, कास्तकार काय वाढवणार. पण मग हिशोब पूर्ण मांडू. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८११० रुपये क्विंटल. काकांनी नोव्हेंबरात खेडा खरेदीत, म्हणजे गावात आलेल्या व्यापाऱ्याला, दिला ६९०० ने, कारण सीसीआयच्या (हमीभावाने कापूस घेणारं केंद्र सरकारचं महामंडळ) केंद्रावर अॅपवर नोंदणी, मग नंबर, मग ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत, आणि दिवाळीची उधारी अंगावर. क्विंटलमागे १२१० रुपये गेले. त्याच हंगामात सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येण्याच्या वेळी बाहेरचा कापूस बिनशुल्क. कापडगिरण्यांना अमेरिकेच्या टॅरिफचा मार बसलेला, त्यांना दिलासा हवा होता, तेही समजतं. पण दिलासा दिला कुणाच्या खिशातून? आता वेचणी दहाची बारा रुपये किलो झाली असती तर क्विंटलमागे किती वाढले असते? दोनशे. बाराशे गेले त्यावर काका एक शब्द बोलले नाहीत, ते वरचं आहे, दिल्लीतलं, त्याच्याशी भांडता येत नाही. दोनशेवर मात्र रोज भांडण, कारण ती बाई समोर उभी असते.

हीच मानसिकता शहरात आली की तिला 'व्यवसाय सुलभता' म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला मंजुरी दिली, दुकानांत ९ ची १०. ओव्हरटाइम मिळणार, संमती घेणार, सगळं लिहिलंय. पण तिथेही गृहीत तेच, माणूस जास्त वेळ आणि स्वस्तात उभा राहिला की उत्पादन वाढतं. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली तेव्हा ती पदरात पडायला सहा वर्षं लागली, १० जून १८९० ला मिळाली. त्यानंतर मुंबईचा कापडधंदा काही बसला नाही, पुढची कित्येक दशकं वाढतच गेला. बारा तासांची पाळी चालवून पुढे जाता आलं असतं तर भिवंडी आज शांघायच्या पुढे असती.

आणि शेतकरी विरुद्ध मजूर हे जे चित्र रंगवतात ना, ते आमच्या गावात तरी मला सापडत नाही. देशातल्या शेकडा ८६ खातेदारांकडे दोन हेक्टरच्या आत जमीन आहे, २०१५-१६ च्या कृषिगणनेचा आकडा. ज्या बाईने १९ किलो कापूस वेचला तिचं स्वतःचं दीड एकर आहे नाल्याच्या काठी. ती सकाळी आपलं निंदण उरकून मग दुसऱ्याकडे जाते. हंगामात हमीचं काम बंद झालं तर ती शेतकरी म्हणून जिंकली की मजूर म्हणून हरली? आणि हंगाम तरी कोणता धरणार, सोयाबीनची सोंगणी ऑक्टोबरात, कापूस ऑक्टोबर ते जानेवारी, कोकणात भाताची लावणी जुलैत, बीडचे ऊसतोड कामगार तर दिवाळीनंतर घरीच नसतात. ६० दिवस कुणाचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर वावरात गेलो. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तिथे फक्त कपाशी आणि तूर असायची, जानेवारीनंतर वावर मोकळं, बायांना काम नाही. आता दोन एकर हरभरा उभा होता, घाटे धरलेले, पलीकडे थोडा गहू, त्याला पाणी चालू होतं. म्हणजे फेब्रुवारी-मार्चातही बाया लागणार, रोज अजून वाढणार, आणि काकांना तो परवडणार, कारण आता एका जमिनीतून दोन पिकं निघतात. पाणी येत होतं विहिरीचं. विहिरीच्या काठाला सिमेंटवर योजनेचं नाव, मंजूर रक्कम आणि कामाचे मनुष्यदिवस कोरलेली पाटी आहे, वरच्या दोन ओळी शेवाळाने झाकल्यात पण 'रोजगार हमी' एवढं वाचता येतं. मी बोट दाखवलं. काका म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं," आणि मोटर बंद करायला गेले.